तुपांतील अम्लें आणि यंत्राची नजर



घरीं लोणी कढविलें कीं गृहिणी तुपाची पारख त्याच्या दरवळावरूनच करते. विकतच्या तुपाची परीक्षा मात्र रसायनशाळेकडे जाते. तेथील जुनी कसोटी अशी: पांच ग्रॅम तुपाचें विघटन करावें, त्यांतून निघालेलीं वसाम्लें, म्हणजे स्निग्ध पदार्थांतील अम्लें, ऊर्ध्वपातनास लावावीं आणि जीं वाफेबरोबर उडून येतात तीं शमविण्यास किती अल्कली लागते तें मोजावें. या आंकड्यास रायकर्ट-मायस्ल अंक म्हणतात. तो कमी भरला कीं भेसळीचा संशय येतो.

परंतु हा आंकडा बेरजेचा आहे. सरकी खाणाऱ्या गुरांच्या तुपांत तो मुळांतच कमी असतो. म्हणून कापसाच्या मुलखासाठीं नियमांत निराळी मर्यादा ठेवावी लागली. नुसत्या बेरजेवर विसंबल्यास प्रामाणिक गवळी दोषी ठरावा आणि चतुर भेसळखोर सुटावा, अशी भीति राहते.

एकेक अम्ल वेगळें मोजण्याची वाट लंडनच्या उत्तरेस मिल हिल येथील वैद्यकीय संशोधनसंस्थेंत सांपडली. वायूच्या प्रवाहानें पदार्थ विलग करतां येतील, असें मार्टिन आणि सिंज यांनीं १९४१ सालींच सुचविलें होतें. अखेर मार्टिन यांनींच जेम्स यांच्या साह्यानें ती कल्पना सिद्धीस नेली व १९५२ सालीं प्रसिद्ध केली.

तापविलेल्या लांब नळींत तेल माखलेली भुकटी भरलेली असे व तींतून नायट्रोजन वाहे. हलकीं अम्लें आधीं बाहेर पडत, जड मागून. अम्लानें द्रावणाचा रंग पालटला कीं प्रकाशविद्युत् घट तें टिपी, ब्युरेट आपोआप अल्कली सोडी आणि लेखणी कागदावर एक पायरी चढे. तासन् तास डोळे ताणून बसण्याचें काम यंत्रानें उचललें.

आज ब्युरेटच्या जागीं हायड्रोजनची ज्योत आली आहे. नमुने रात्रभर एकामागून एक यंत्रच घेतें. तरी अम्लाचें नांव त्यास ठाऊक नसतें. अमुक पदार्थ अमुक वेळानें आला, इतकेंच तें सांगतें. ती वेळ ज्ञात अम्लाशीं ताडून नांव माणसानेंच द्यावयाचें. तेथें चुकलें तर तीच चूक यंत्र शंभर वेळां निमूटपणें करील.

म्हणून कापसाच्या मुलखांतील त्या गवळ्याचा न्याय अजूनहि रसायनज्ञाच्याच हातीं आहे. आलेख वाचण्यापूर्वीं त्यानें एक प्रश्न अवश्य विचारावा: गुरांनीं खाल्लें काय?