परमुलखी रुजलेला खेळाडू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले. त्याच व्यासपीठावरून एका अमेरिकन बास्केटबॉलपटूविषयी बोलण्याची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा आपल्या चिटणीसांनी माझ्याकडे किंचित साशंक दृष्टीने पाहिले. त्यांची शंका रास्तच होती. परंतु मी जन्मभर शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. मला जे थोडेफार कळते ते मैदानावरचे, आणि ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्याची कहाणी मैदानावर सुरू झाली तरी मैदानापाशी संपत नाही. शिवाय या विषयाशी माझे एक जुने देणे गुंतले आहे. ते शेवटी सांगेन.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून निर्माण केला. पुढील चार-पाच वर्षांतच तो ख्रिस्ती युवक संघाच्या कार्यकर्त्यांबरोबर चीनमधील तिआनजिन येथे पोहोचला. अमेरिकेत मात्र त्याचा प्रचंड व्यवसाय झाला. तेथील सर्वश्रेष्ठ व्यावसायिक संघटना म्हणजे एन.बी.ए. तिचे संघ तीस, आणि प्रत्येक संघात कायम जागा सुमारे पंधरा. म्हणजे साऱ्या जगातून जेमतेम साडेचारशे खेळाडूंची सोय. महाविद्यालयांतून दरवर्षी शेकडो तरबेज खेळाडू बाहेर पडतात आणि निवडीच्या वेळी पुकारली जाणारी नावे असतात अवघी साठ. मग उरलेल्यांनी काय करावे? ते पोटापाण्यासाठी मुलूख सोडतात. इटली, स्पेन, तुर्कस्तान, इस्राएल, फिलिपाइन्स, चीन, जेथे मागणी असेल तेथे जातात. करार एका हंगामाचा असतो. राहायला घर मिळते, वेतन मिळते. पण संघ चार सामने ओळीने हरला की पहिली कुऱ्हाड परदेशी खेळाडूवर कोसळते. फिलिपाइन्समध्ये अशा खेळाडूला सरळ ‘इम्पोर्ट’ म्हणतात. आयात केलेला माल! शब्द कठोर आहे, पण व्यवहाराला धरून आहे.

या परंपरेत मोठी माणसे होऊन गेली. बिल ब्रॅडली ऑक्सफर्डला शिकत असताना मिलानच्या संघाकडून खेळला, १९६६ चा युरोपीय चषक त्याने जिंकून दिला आणि पुढे तो अमेरिकेच्या सिनेटचा सभासद झाला. न्यू जर्सीचा टॅल ब्रॉडी १९६६ साली तेल अवीवच्या मकाबी संघात गेला, आणि १९७७ मध्ये त्या संघाने प्रथमच युरोपीय अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो त्याचा कर्णधार होता. परंतु आज मी निवडलेला माणूस या दोघांहून वेगळा आहे. हे दोघे तरुणपणी, उमेदीच्या भरात परदेशी गेले. तो गेला तो सर्व काही मिळवून आणि बहुतेक सर्व गमावून. त्याचे नाव स्टेफन मार्बरी.

मार्बरीचा जन्म २० फेब्रुवारी १९७७ चा. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठी, कोनी आयलंड नावाची वस्ती आहे. एका अंगाला जत्रेसारखी करमणुकीची उद्याने, दुसऱ्या अंगाला गरिबांसाठी सरकारने बांधलेल्या उंच चाळवजा इमारती. त्या इमारतींतल्या एका घरात सात भावंडांत हा सहावा. थोरले भाऊही उत्तम खेळत, पण एन.बी.ए.चे दार त्यांच्यापैकी कोणालाच उघडले नाही. त्यामुळे घरच्यांच्या साऱ्या आशा या मुलावर येऊन ठेपल्या. अब्राहम लिंकन विद्यालयात तो शिकत होता त्या काळातील तेथील मुलांची स्वप्ने डार्सी फ्रे यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लास्ट शॉट’ या पुस्तकात टिपली आहेत. त्यांत कोवळ्या वयाचा मार्बरीही आहे. पुस्तक वाचून मनात राहते ती गोष्ट एकच: त्या मुलांना खेळ हा खेळ नव्हता, तो त्या वस्तीतून बाहेर पडण्याचा एकमेव जिना होता.

मार्बरी तो जिना चढला. जॉर्जिया टेक या विद्यापीठात एक वर्ष काढून १९९६ साली तो चौथ्या क्रमांकाने निवडला गेला आणि मिनेसोटाच्या संघात दाखल झाला. उंची सहा फूट दोन इंच. म्हणजे त्या खेळात बुटकाच. पण चेंडू हाती खेळवत प्रतिस्पर्ध्यांच्या फळीत शिरावे, ऐन वेळी स्वतः टोपली साधावी किंवा सवंगड्याकडे चेंडू सोपवावा, ही डाव रचणाऱ्याची विद्या त्याच्या अंगी मुरलेली होती. एन.बी.ए.तील साऱ्या कारकिर्दीत त्याची सरासरी सामन्याला एकोणीसहून अधिक गुणांची आहे. २००१ आणि २००३ या वर्षी तो निवडक श्रेष्ठ खेळाडूंच्या सामन्यात खेळला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्पेनविरुद्ध त्याने एकट्याने ३१ गुण मिळवले.

पण या माणसाचे कोठेही बस्तान बसेना. मिनेसोटा, न्यू जर्सी, फिनिक्स आणि शेवटी २००४ मध्ये त्याच्या स्वतःच्या शहराचा, न्यूयॉर्कचा संघ. घरी परतलेल्या मुलाचे स्वागत दणक्यात झाले, परंतु संघ हरू लागला. प्रशिक्षकांशी खटके उडाले, वृत्तपत्रांनी त्याला स्वार्थी ठरवले, प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. दोष त्याचा मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही. तो हट्टी होता आणि तोंडाळही होता. २००७ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कचा सामना चालू असताना, त्याचे वडील हृदयविकाराने गेले. २००८ च्या हंगामात नव्या प्रशिक्षकाने त्याला जवळजवळ मैदानावर उतरवलेच नाही. वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर वेतन घेणारा हा खेळाडू साध्या कपड्यांत बसून राहिला. आणि योगायोग पाहा, ते प्रशिक्षक माइक डँटोनी हे स्वतः परदेशी जाऊनच नावारूपाला आलेले होते. मिलानच्या संघातून त्यांनी १९८७ आणि १९८८ चे युरोपीय चषक जिंकले होते.

याच काळातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नामांकित खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर-दीडशे डॉलरना विकले जात असताना मार्बरीने २००६ साली आपल्या नावाचा बूट १४ डॉलर ९८ सेंट किमतीला बाजारात आणला, आणि तोच बूट घालून तो एन.बी.ए.त खेळला. कोनी आयलंडच्या मुलाला महागड्या बुटासाठी आईकडे हट्ट धरावा लागू नये, हा त्यामागचा हेतू. विकणाऱ्या कंपनीचे २००८ मध्ये दिवाळे निघाले आणि तो उपक्रमही बुडाला. २००९ मध्ये थोडे दिवस बोस्टनकडून खेळून त्याची एन.बी.ए.तील कारकीर्द आटोपली. त्या उन्हाळ्यात सारे जग पाहत असताना तो कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला, विचित्र वागला, आणि लोक हसले. वय अवघे बत्तीस. पुढे त्याने स्वतःच सांगितले की त्या दिवसांत जगणे नकोसे झाले होते.

२०१० च्या जानेवारीत तो चीनमध्ये उतरला. तेही शांघायसारख्या झगमगत्या नगरीत नव्हे, तर कोळशाच्या खाणींचा प्रांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शान्सीच्या तायुआन शहरात. कडाक्याची थंडी, अपरिचित अन्न, न कळणारी भाषा. अमेरिकेत पुष्कळांनी तर्क केला, की हा चार पैसे गाठीला बांधून महिन्या-दोन महिन्यांत परत येईल. पण तायुआनच्या प्रेक्षकांनी विमानतळापासून त्याला डोक्यावर घेतले. ज्याचे नाव उच्चारताच स्वतःच्या गावात शिव्या ऐकू येत, त्याला परक्या गावात टाळ्या मिळाल्या. आपल्याकडे म्हणतात ना, पिकते तेथे विकत नाही!

तरीही पहिल्या दोन हंगामांत यश आले नाही. शान्सीने त्याला पुढे ठेवले नाही. दुसरे वर्ष दक्षिणेतील फोशानच्या संघात गेले आणि तेथूनही निरोप मिळाला. २०११ मध्ये बीजिंगच्या संघाने त्याला घेतले. राजधानीचा संघ असूनही त्याने राष्ट्रीय व्यावसायिक विजेतेपद एकदाही मिळवले नव्हते. चिनी संघटनेच्या नियमांनुसार संघात साधारणपणे दोनच परदेशी असत आणि त्यांच्या खेळण्याच्या वेळेवरही बंधन असे. म्हणजे एकट्याच्या पराक्रमावर भागणारे नव्हते. चिनी सवंगडी तयार व्हायला हवे होते. ज्याच्यावर आयुष्यभर स्वार्थीपणाचा आरोप झाला, त्याने येथे तरुण खेळाडूंना हाताशी धरले. त्यांच्याबरोबर सराव केला, त्यांच्याबरोबर जेवला, चुकणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. प्रशिक्षक मिन लूलेइ यांचा अधिकार त्याने मानला. हंगामाच्या आरंभीचे तेरा सामने संघाने ओळीने जिंकले.

अंतिम फेरीत गाठ पडली ती ग्वांगदोंगशी. मागील आठ वर्षांत सात वेळा विजेता ठरलेला हा संघ. ३० मार्च २०१२ रोजी, २००८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या वुकेसोंग क्रीडागृहात पाचवा सामना झाला. मार्बरीने ४१ गुण मिळवले, बीजिंग १२४ विरुद्ध १२१ असे जिंकले आणि चार-एक अशा फरकाने प्रथमच विजेते झाले. सामना संपल्यावर तो मैदानावरच रडू लागला. तीनच वर्षांपूर्वी तो जगासमोर रडला होता. अश्रू तेच, पण यावेळी हसणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षी त्या क्रीडागृहाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. २०१४ आणि २०१५ मध्ये बीजिंगने पुन्हा विजेतेपद मिळवले. त्याच्या आयुष्यावर एक संगीत नाटक झाले आणि त्यात त्याने स्वतःच काम केले. शहराने मानद नागरिकत्व दिले. फारच थोड्या परकीयांना मिळणारा कायम वास्तव्याचा परवानाही मिळाला. चिनी भाषा त्याला चांगलीशी अवगत झाली असे नाही. दुभाषा बरोबर असे. पण तो भुयारी रेल्वेने फिरे आणि लोकांत मिसळे.

या गोष्टीचा शेवट गोड करण्याचा मोह मी टाळतो. पुतळा उभारला म्हणून धंद्याचे गणित बदलत नाही. २०१७ मध्ये, चाळिशीत, त्याला आणखी एक वर्ष खेळायचे होते. संघाचा विचार वेगळा होता. त्याला त्याच शहरातल्या दुसऱ्या संघात जावे लागले, आणि ११ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याने शेवटचा सामना खेळून निवृत्ती घेतली. पण निरोप मिळाल्यावरही तो चीन सोडून गेला नाही. २०१९ मध्ये तेथीलच एका संघाचा तो प्रशिक्षक झाला. २०२० च्या साथीत न्यूयॉर्कमध्ये तोंडावर बांधायच्या मास्कांचा तुटवडा पडला, तेव्हा चीनमधील आपल्या ओळखी वापरून एक कोटी मास्क नफा न घेता आपल्या जन्मगावी पोहोचवण्याची खटपट त्याने केली. ज्या शहराने हुर्यो उडवली, त्याच्यासाठी! परमुलखी मुळे धरली म्हणून जुनी मुळे तुटतातच असे नाही, हे मला त्यातून उमगले.

आता माझे देणे. पुष्कळ वर्षांपूर्वी या शहरातल्या एका स्पर्धेसाठी माझ्या संघात दुसऱ्या प्रांतातला एक मुलगा घेतला होता. जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडे मानधन, एवढ्यावर तो आला. महिनाभर आमच्या मुलांबरोबर राहिला, आणि अंतिम सामना आम्ही जिंकला तो मुख्यतः त्याच्यामुळे. ढालीसह छायाचित्र काढायची वेळ आली तेव्हा तो बाजूला उभा होता. कोणीतरी त्याला हाक मारणार तोच मी म्हणालो, “राहू द्या, तो काय, स्पर्धेपुरता आलेला.” मुलाने ऐकले. तो हसला आणि बुटांचे बंद सोडू लागला. त्या संध्याकाळच्या गाडीने तो गेला. पुन्हा कधी भेटला नाही.

बंधुभगिनींनो, हे वाक्य उच्चारणारा मी स्वतः कोण होतो? नोकरीसाठी या शहरात आलेला, येथली भाषा धड न बोलता येणारा, पाहुणाच. मला या गावाने घर दिले, विद्यार्थी दिले, मान दिला. ‘तो काय, नोकरीपुरता आलेला’ असे मला कोणी म्हटले नाही. निदान माझ्यासमोर म्हटले नाही. मार्बरीच्या पुतळ्याचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा मला तो मुलगा आठवला. बीजिंगच्या लोकांनी जे केले ते अवघड नव्हते. आपल्यासाठी घाम गाळणाऱ्याला त्यांनी आपल्या छायाचित्रात उभे केले, इतकेच. मला ते एका संध्याकाळपुरतेही जमले नाही.

मंडळाच्या पन्नास वर्षांची छायाचित्रे या स्मरणिकेत छापली जाणार आहेत असे समजते. ती पाहताना आपण आपले वडील, आजोबा, मावश्या शोधू. माझी एवढीच विनंती आहे, की चौकटीच्या बाहेर कोण उभे होते याचीही थोडी आठवण करावी: आपल्या नाटकांना पेटी वाजवणारा स्थानिक वादक, गणपतीचा मंडप घालणारा, आपल्या मुलांना येथली भाषा शिकवणारी शेजारीण. ते परके होते की आपण, हे ठरवणे कठीण आहे. पण हाक मारायला अजून उशीर झालेला नाही.