आवाज फाटू नये म्हणून
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यातले बरेचजण नोकरीच्या निमित्ताने या बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. मीही त्यातलाच. माझी सारी नोकरी मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायर बनवण्यात गेली. "म्हणजे नक्की काय करता हो?" या प्रश्नाला मी आजवर हसून टाळत आलो. आज उत्तर देतो.

काल आरतीच्या वेळी कुणीतरी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. आवाज वाढला, पण फाटला. ट्रान्झिस्टरचंही तसंच. ताकदीच्या टोकाशी नेला की लहरींचे माथे चेपतात आणि आपण न दिलेल्या नव्या लहरी जन्मतात. समजा, २००१ आणि २००२ मेगाहर्ट्झच्या दोन लहरी एकदम दिल्या. ४००२ ला उपटणारी लहर लांब असते, ती फिल्टरने गाळता येते. पण २००० आणि २००३ लाही दोन उगवतात. त्या इतक्या जवळ, की गाळायच्या म्हटल्या तर मूळ संदेशही जाईल. तिथे दुसऱ्या कुणाचा तरी चॅनल असतो. आवाज आपला फाटतो, त्रास शेजाऱ्याला!

उमेदवारीच्या दिवसांत मी एका ॲम्प्लिफायरमधून भरपूर शक्ती काढून दाखवली. पेढे वाटायचेच बाकी होते. वरिष्ठ म्हणाले, "आता दोन लहरी देऊन बघ." पडद्यावर दोनाऐवजी सहा सुळके उभे राहिले! डिझाइन पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

यावर उपाय काय? पहिला, बटण मागे घेणे. संदेश एक डेसिबलने कमी केला, की या उपऱ्या लहरी साधारण तीन डेसिबलने उतरतात. पण किंमत मोजावी लागते. क्लास ए ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर फार तर ५० टक्के वीज कामी लावतो, निम्म्या शक्तीवर २५. बाकीची उष्णता.

दुसरा उपाय हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन टेलिफोन इंजिनियरचा. बाहेर आलेल्या लहरीतून मूळ लहर वजा करायची. उरते ती फक्त चूक. ती वाढवून पुन्हा वजा करायची. याच ब्लॅकना १९२७ साली नावेतून कामावर जाताना निगेटिव्ह फीडबॅक सुचला आणि त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्रावरच मांडला. मात्र २००० मेगाहर्ट्झला लहरीचा एक फेरा अर्ध्या नॅनोसेकंदात संपतो. चूक परत फिरून येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून आमच्या कामात वजाबाकीची पद्धतच जास्त उपयोगी पडली. पण तिलाही चुकीपुरता दुसरा ॲम्प्लिफायर लागतो, आणि तोही वीज खातो.

तिसरा उपाय शिंप्याचा. कापड धुतल्यावर आटणार हे ठाऊक असलेला शिंपी सदरा आधीच थोडा सैल शिवतो. तसे जे माथे चेपणार, ते आधीच तेवढे उंच करून द्यायचे. याला प्रीडिस्टॉर्शन म्हणतात. मोबाईलच्या टॉवरमध्ये हे काम आता संगणकी चिप करते. ट्रान्झिस्टर तापला की त्याची चाल बदलते, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. आणि मुळात कापडच अपुरं असेल, तर शिंपी तरी काय करणार? ताकद संपली की ही युक्तीही संपते.

वहिनी, एवढंच माझं काम: मोठ्याने बोलायचं, पण शेजाऱ्याची झोप न मोडता. परगावी येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा आजच्या आरतीला बटण जरा मागेच ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!