रुपया वाढला, भाकरी वाढली काय?



येरळेच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. आठवड्याच्या बाजारी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील माणसे येथे येतात, ज्वारी-बाजरीचे भाव विचारतात आणि ऐपतीप्रमाणे पिशवी भरून परत जातात. पंचायतीच्या कागदावर मात्र ही पिशवी येत नाही. येतो तो केवळ रुपया. अमुक कुटुंबाने गेल्या वर्षी अन्नावर इतके रुपये खर्च केले, यंदा तितके केले, अशी नोंद होते. खर्च वाढला म्हणजे घरातील अन्न वाढले, असा निष्कर्ष त्यावरून सहज निघतो. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो आणि त्या चुकीचे मोल भरावे लागते ते मदतीच्या यादीतून ज्याचे नाव गळते त्या कुटुंबाला.

ही गोष्ट शासकीय सेवकांना आणि शिक्षकांना निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. बाजारभाव वाढले की वेतनाचा खरा कस कमी होतो, म्हणून तर त्यांना महागाई भत्ता मिळतो. जो न्याय स्वतःच्या वेतनाला लावला जातो, तोच शेतमजुराच्या ताटाचे मोजमाप करताना लावावयाचा, एवढेच या विषयाचे सार आहे.

अनुभवाचा धडा

माण-खटावचा प्रदेश पर्जन्यछायेतील. १९७२ च्या दुष्काळात या भागाने खडी फोडून दिवस काढले. कामावर मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी जुन्या माणसांच्या स्मरणातून गेलेली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आजमावली गेलेली रोजगार हमीची योजना याच काळात राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. परंतु त्याच वर्षांनी दुसराही धडा दिला. १९७३-७४ मध्ये देशातील घाऊक किमती वर्षभरात २० टक्क्यांहून अधिक वाढल्या. मजुरीचा आकडा तोच राहिला तरी तिच्यात येणारे धान्य आकसत गेले. हाताला काम मिळणे ही अन्नसुरक्षेची पहिली पायरी. त्या कामाच्या दामात पुरेसे धान्य येणे ही दुसरी.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पुरेशा उष्मांकांच्या आहारासाठी ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरी भागात २२ रुपये ५० पैसे एवढा खर्च धरला होता. हे आकडे १९६०-६१ च्या किमतींचे, हे सांगण्यास ते विसरले नाहीत. पुढे २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची रेषा ९६७ रुपयांवर गेली. मोजण्याची पद्धत बदलली हे खरे. तरीही या वाढीतील मोठा वाटा महागाईचाच होता. साल सांगितल्यावाचून रुपयाचा आकडा सांगणे म्हणजे माप न सांगता धान्य मोजणे होय.

कोणत्या मापाने मोजावे?

आता एक साधे उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्याच्या सोयीसाठी आहेत. पाच माणसांचे एक कुटुंब पहिल्या वर्षी महिन्याला ३० किलो ज्वारी, ५ किलो तूरडाळ, ५ किलो गोडेतेल, २० लिटर दूध आणि ८०० रुपयांचा भाजीपाला-मीठमिरची घेते. ज्वारी ४० रुपये, डाळ व तेल प्रत्येकी १२० रुपये आणि दूध ४० रुपये धरल्यास एकूण खर्च ४,००० रुपये होतो. दुसऱ्या वर्षी ज्वारी ५०, डाळ १५०, तेल १४४ आणि दूध ४५ रुपये झाले. पूर्वीएवढ्याच भाजीपाल्याला ९३० रुपये लागू लागले. तीच पिशवी आता ४,८०० रुपयांना पडते. म्हणजे या कुटुंबाचा अन्नकिमतींचा निर्देशांक १०० वरून १२० झाला.

या कुटुंबाने दुसऱ्या वर्षी अन्नावर प्रत्यक्षात ४,६०० रुपये खर्च केले असे समजू. कागदावर ६०० रुपयांची वाढ दिसते. पण ४,६०० ला १२० ने भागून १०० ने गुणले, की पहिल्या वर्षाच्या किमतीत हा खर्च ३,८३३ रुपये ठरतो. घरातील अन्न वाढले नाही. ते १६७ रुपयांनी घटले.

येथे एक सावधगिरी हवी. सर्व वस्तूंचा मिळून होणारा सर्वसाधारण निर्देशांक त्याच काळात ११० झाला असेल आणि कोणी तो वापरला, तर उत्तर ४,१८२ रुपये येईल आणि घट झालेल्या घरी भरभराट दिसेल! म्हणून अन्नखर्चाला अन्नाचाच निर्देशांक लावावा. २०१२ पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेयांचा भारांक ग्रामीण भागासाठी सुमारे ५४, तर शहरी भागासाठी सुमारे ३६ होता. १९८६-८७ पायावर्षाच्या शेतमजुरांच्या निर्देशांकात तो ६९ च्या घरात होता. घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा आणि अन्नाच्या महागाईचा फटकाही मोठा.

निर्देशांकातील पिशवीही जुनी होते. शेतमजुरांच्या त्या मालिकेतील भारांक १९८३ च्या पाहणीवरून ठरले होते. २०१९ पायावर्षाची नवी मालिका २०२५ मध्ये आली. ग्रामीण रोजगार हमीची मजुरी मधल्या काळात याच जुन्या मालिकेच्या आधारे वाढविली जात असे. महाराष्ट्रात ती २०२३-२४ मध्ये २७३ रुपये होती. २०२४-२५ साठी २९७ रुपये झाली. ही वाढ सुमारे ८.८ टक्क्यांची. मजुराच्या गावी अन्नाचे भाव याहून अधिक चढले असतील, तर त्याच्या दृष्टीने ती वाढ नव्हेच.

नोंद करताना

भावांची तुलना त्याच महिन्याशी करावी. शाळू खळ्यावर आल्यावरचा भाव आणि ऐन पावसाळ्यातील भाव यांत ऋतूचा फरक असतो. त्याला महागाई समजू नये. पायली आणि शेर ही मापे गावोगाव भिन्न असल्याने प्रत्येक भाव किलोवर आणावा. मीठ दुप्पट महागले तरी चूल अडत नाही. ज्वारी चौथाईने महागली तर अडते. म्हणून प्रत्येक जिन्नसाला घरात लागणाऱ्या प्रमाणात वजन द्यावे.

घरच्या शेतातील धान्य विकत घेतलेले नसले तरी खाल्लेले असते. त्याची किंमत शेतावरील भावाने धरावी. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. त्यामुळे खर्चाचा आकडा खाली येतो. अन्न कमी होत नाही. अशा धान्याची नोंद किलोत केली नाही, तर पोट भरलेले घर उपाशी ठरेल. उलट, डाळ आणि दूध बंद करून केवळ भाकरीवर भागविणारे घर खर्चाच्या आकड्यात ओळखू येणार नाही. म्हणून रुपयांच्या रकान्याशेजारी परिमाणाचा रकाना असलाच पाहिजे. महागाईत ताटातून आधी काय गेले आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरले, हेही विचारले पाहिजे.

या कामाला मोठा खर्च नको. प्रत्येक महिन्याच्या ठरलेल्या बाजारी, ठरलेल्या दोन-तीन दुकानांतील दहा जिनसांचे भाव एका वहीत उतरवावेत. शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांना गुणाकार-भागाकाराचा याहून जिवंत पाठ मिळणार नाही. वर्षभरानंतर ही वही ग्रामसभेपुढे ठेवावी आणि मगच कोणते कुटुंब सावरले व कोणते खचले याचा निर्णय करावा. एखाद्या घराचे नाव यादीतून कमी करण्यापूर्वी त्या घरचा रुपया एकदा ज्वारीच्या भावाने भागून पाहावा. तेवढा भागाकार झाल्यावाचून कागदावर सही होऊ नये.