बेसबॉलचे बोलपट : श्रेष्ठ कोणता?

बेसबॉल या अमेरिकन खेळावर पुष्कळ बोलपट निघाले. त्यांत श्रेष्ठ कोणता, हा वाद तिकडे अद्याप मिटलेला नाहीं. माझें मत असें, कीं ज्याला पराभव प्रामाणिकपणें दाखवितां येतो, तोच श्रेष्ठ.

याचें कारण खेळांतच आहे. दहांपैकीं तीन वेळां चेंडू यशस्वीपणें टोलविणारा तेथें उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तमाच्याही वांट्यास सात वेळां अपयश ठरलेलेंच.

या कसोटीस १९८४ सालचा 'द नॅचरल' उतरत नाहीं. मॅलामुडच्या १९५२ च्या मूळ कादंबरींत नायक अखेरीस हरतो. पडद्यावर मात्र त्याच्या टोल्यानें मैदानावरचे दिवे फुटतात आणि विजय होतो. प्रेक्षक सुखावतो, पण कथेचा कणा मोडतो. उलट २०११ चा 'मनीबॉल' पाहा. ओकलंडचा संघ २००२ सालीं लागोपाठ २० सामने जिंकतो, आणि तरीही अजिंक्यपद त्याच्या हातीं लागत नाहीं.

तथापि माझा कौल १९४२ च्या 'द प्राइड ऑफ द यांकीज' यासच आहे. सलग २,१३० सामने खेळलेला लू गेरिग असाध्य व्याधीनें खचला; ४ जुलै १९३९ रोजीं भरल्या मैदानांत, स्वतःस भाग्यवान म्हणवून, त्यानें निरोप घेतला. गॅरी कूपरनें तो प्रसंग अत्यंत संयमानें रंगविला आहे. या बोलपटांत खेळ थोडा आणि संसार फार, असा आक्षेप घेतात. तो खरा आहे. परंतु जिंकावें कसें हें सांगणारे पुष्कळ. हरतांना ताठ उभें कसें राहावें, हें दाखविणारा विरळा.