विणणारा तो

१९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला ते राहायला गेले आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे तासन्‌तास बघत बसले. नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं! घरटं अर्धं झालं की तो थांबतो. मादी येते, आत शिरून चाचपून पाहते. पसंत पडलं तरच जोडी जमते. मग उरलेलं घरटं, खालची लांब नळी तो पुरी करतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारीच दुसरं घर विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीखाली तासभर गप्प बसा. नापसंत पडून अर्ध्यावरच लोंबकळणारी घरटी ओळखता येतील.