परक्या फळाचें तोरन

बाजारांत एखादें अनोळखी फळ दिसलें कीं गृहिणीच्या मनांत दोन विचार एकदम येतात. एक कुतूहलाचा : घेऊन तर पाहावें! दुसरा व्यवहाराचा : घेतल्यावर त्याचें करावयाचें काय? मुंबईंत माटुंग्याच्या बाजारांत दक्षिणेकडील कुटुंबांना लागणारा भाजीपाला मिळतो. तेथें हिरवें, वाटोळें, खरखरीत सालीचें एक फळ कधीं कधीं दृष्टीस पडतें. कोंकणांतील माणूस त्याला नीरफणस म्हणून तत्काळ ओळखतो. त्याचे रव्यांत घोळवून तळलेले काप त्यानें लहानपणापासून खाल्लेले असतात. देशावरच्या घराला मात्र तें सर्वस्वी परकें. फणस समजून कापावें, तर आंत गरा नाहीं कीं आठळी नाहीं. बटाट्याप्रमाणें भरपूर पाण्यांत उकडावें, तर त्याचा लगदा होतो. आणि काय करावें या विचारांत दोनचार दिवस टोपलींत पडूं द्यावें, तर तें मऊ व गोडसर होऊन भाजीच्या कामाचें राहत नाहीं. पैसे वायां जातात आणि फळाच्या नांवानें खडे फोडले जातात. खरें पाहतां दोष फळाचा नसतो. त्याची नीट ओळख करून देणारें कोणी भेटलेलें नसतें.

ही ओळख केरळांतील स्वयंपाकघरांत उत्तम रीतीनें होते. तेथें या फळाला कडच्चक्क किंवा शीमच्चक्क म्हणतात. चक्क म्हणजे फणस. आणि आपण परदेशांतून आलेल्या वस्तूला जसें ‘विलायती’ हें विशेषण लावतों, तसेंच तेथें ‘शीम’ हें पद लावतात. तुळु भाषेंत कोंवळ्या फणसाला गुज्जे म्हणतात, म्हणून हें फळ तेथें जीगुज्जे झालें. मराठींत तें नीरफणस आहेच. निरनिराळ्या भाषांनीं या पाहुण्याला फणसाच्या नात्यानेंच हाक मारली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वनस्पतिशास्त्रानेंही हें नातें खरें ठरविलें असून दोन्ही झाडें एकाच प्रजातींत घातलीं आहेत. त्या प्रजातीचें नांव आर्टोकार्पस. ग्रीक भाषेंतील ‘भाकरी’ आणि ‘फळ’ या दोन शब्दांपासून तें बनलेलें आहे.

फळाचें मूळ घर न्यू गिनीच्या व पॅसिफिक महासागरांतील बेटांच्या बाजूला. त्याचा जगांतील प्रवास मात्र सर्वत्र सारख्या प्रेमानें झाला नाहीं. वेस्ट इंडीजमधील इंग्रज मळेवाल्यांना आपल्या गुलामांसाठीं स्वस्त अन्न पाहिजे होतें. त्याकरितां ताहितीहून याचीं रोपें आणण्यासाठीं ‘बाउंटी’ नांवाचें जहाज धाडण्यांत आलें. सन १७८९ च्या एप्रिलमध्यें त्या जहाजावर बंड झालें. कप्तान ब्लाय यास एका होडींत सोडून देण्यांत आलें आणि हजाराहून अधिक रोपें समुद्रांत गेलीं. ब्लाय पुन्हा निघाला, आणि सन १७९३ मध्यें रोपें सेंट व्हिन्सेंट व जमेका येथें पोंचलीं. परंतु ज्यांच्यासाठीं हा खटाटोप झाला त्यांना तें फळ प्रथम रुचलें नाहीं. दुसऱ्यानें लादलेला घास गोड लागावा तरी कसा? पुढें पिढ्या गेल्या, लोकांनीं तें आपल्या रीतीनें विस्तवावर भाजावयास घेतलें. आणि आज जमेकांत तें आवडीचें अन्न आहे. फळ तेंच, रीत स्वतःची झाली, तेव्हां गोडी लागली.

केरळांतील गृहिणीनें हेंच केलें. तिनें परक्या फळासाठीं नवा पदार्थ शोधला नाहीं. आपल्या नेहमींच्या तोरनांत त्याला जागा दिली. तोरन म्हणजे दारावरचें तोरण नव्हे. भातासोबत वाढावयाची, ओल्या नारळाची कोरडी भाजी ती. कोबी, कच्ची पपई, शेवग्याचा पाला, फरसबी, कशाचेंही तोरन होतें.

फळ निबर परंतु कठीण असावें. सालीवर सुकलेल्या चिकाचे ठिपके असले तर तें तयार झालें असें समजावें. बोटानें दाबून मऊ लागल्यास घेऊं नये. कापण्यापूर्वीं हातांना व विळीला तेल लावावें, कारण चीक फार. साल जाड काढावी, मधला भुसभुशीत दांडा टाकून द्यावा, बारीक फोडी कराव्या व त्या लगेच पाण्यांत सोडाव्या. नाहींतर काळ्या पडतात. अर्धा किलो फोडींस पाव चमचा हळद, बेताचें मीठ व जेमतेम पाऊण वाटी पाणी घालून झांकण ठेवावें आणि मंद आंचेवर शिजवावें. फोड बोटांनीं चेपली जावी, पण मोडूं नये. पाणी आटलेंच पाहिजे.

वाटणासाठीं एक वाटी ओला नारळ, तीनचार हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरें, चारपांच लहान कांदे व लसणीच्या दोन पाकळ्या घ्याव्या. वाटण ओबडधोबड ठेवावें. गंधासारखें बारीक केल्यास तोरन चिकट होतें. शिजलेल्या फोडी बाजूला सारून मध्यें खळगा करावा, त्यांत वाटण ठेवावें, वर फोडी पसरून एक वाफ आणावी. मग हलक्या हातानें ढवळावें. दोन चमचे तेलांत मोहरी, थोडी उडदाची डाळ, दोन सुक्या मिरच्या व कढीलिंब यांची फोडणी करून वर ओतावी. तेल खोबरेल असावें. खोबरेल म्हटलें कीं देशावर केंसांची आठवण होते. परंतु या पदार्थाचा निम्मा जीव त्या वासांत आहे. प्रथम संकोच वाटल्यास फोडणी दुसऱ्या तेलाची करावी व शेवटीं एक चमचा ताजें खोबरेल वरून सोडावें.

असें तोरन गरम भात व ताकाची पुळिश्शेरी यांच्याबरोबर पानांत आलें म्हणजे त्यांत परकें काय व आपलें काय हें सांगणें कठीण होतें. त्यांतील मिरचीसुद्धां पोर्तुगीजांच्या काळांत समुद्रापलीकडून आलेली. तिच्यावांचून फोडणी होते हें आतां कोणाला सुचतही नाहीं. नीरफणसाची पाळी तिच्यानंतरची, एवढेंच. घरांत आलेल्या पाहुण्याला ओळखीच्या पाटावर बसवावें, पण त्याची प्रकृति जाणून वाढावें, हा केरळांतील चुलीचा धडा आहे. पुढच्या वेळीं तें हिरवें, खरखरीत फळ बाजारांत दिसल्यास त्याला टोपलींत दोन दिवस ताटकळत ठेवूं नये. त्याच दिवशीं नारळ फोडावा.