पहिला घाव आपला, शेवटचा कुणाचा?

नोव्हेंबर २००८ च्या अखेरची गोष्ट. मी तेव्हा नोकरीसाठी रोज कर्जतहून सीएसटीला जात असे. शंभर किलोमीटर जायचं, शंभर किलोमीटर यायचं. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी नेहमीच्या गाडीनं घरी आलो, जेवायला बसलो आणि टीव्हीवर आमचंच स्थानक दिसलं. त्या रात्री एकट्या सीएसटीत पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. साऱ्या मुंबईतला आकडा १६६ वर गेला.

पुढच्या आठवड्यात आमच्या डब्यात भजन झालं नाही, पत्त्यांचा डावही बसला नाही. बोलणं एकच. ‘आता बास झालं. एकदाचा सोक्षमोक्ष लावा.’ हे म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि माझा आवाज काही लहान नव्हता. आमच्यात एक निवृत्त फौजी होते. ते इतका वेळ गप्प होते. नेरळ सुटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘पहिला घाव आपण घालू. दुसरा ते घालतील. तिसरा पुन्हा आपण. थांबायचं कुठं, हे कुणी ठरवलंय का?’ तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज मी बोलणार आहे ते त्यांच्या त्या प्रश्नाबद्दल.

भारतानं मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या केल्या. त्याच महिन्यात पाकिस्ताननं चगाईत केल्या. त्यानंतर एका वर्षाच्या आत कारगिल झालं. घुसखोरांना हुसकावताना आपले पाचशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले. तरीही वाजपेयी सरकारनं हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडू नका असं बजावलं होतं. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये लाखो सैनिक दहा महिने सीमेवर उभे राहिले आणि युद्ध न करता परतले. आणि २००८ मध्ये, मुंबईनंतर, मनमोहनसिंग सरकारनं सैन्य धाडलं नाही. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं. पण दोघांचा हात एकाच जागी थांबला. हा भित्रेपणा मानायचा, तर दोघांनाही भित्रे म्हणावं लागेल. मला तसं वाटत नाही.

शिवशंकर मेनन तेव्हा परराष्ट्र सचिव होते. २०१६ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे, की त्या दिवसांत आपलंही मत तात्काळ, उघड दिसेल असं प्रत्युत्तर द्यावं असंच होतं. म्हणजे आमच्या डब्यात जे चाललं होतं, तेच दिल्लीतही चाललं होतं. पण मागं वळून पाहताना, हल्ला न करण्याचा निर्णय बरोबर होता, असं ते म्हणतात. कारणं साधी आहेत. हल्ला केला असता, तर जगानं त्याकडे भारत आणि पाकिस्तान यांचं आणखी एक भांडण म्हणून पाहिलं असतं. कोण मारेकरी आणि कोण मेलेला, हा प्रश्न मागं पडला असता. पाकिस्तानात नुकतंच निवडून आलेलं नागरी सरकार दुबळं झालं असतं आणि लष्कराच्या मागं सारा देश उभा राहिला असता. आणि अतिरेक्यांचे तळ म्हणजे चार भिंती आणि पत्रे; ते आठवड्यात पुन्हा उभे राहतात.

मग न लढून मिळालं काय? १० डिसेंबर २००८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं हाफिज सईदचं नाव दहशतवाद्यांच्या यादीत घातलं. जानेवारी २००९ मध्ये भारतानं पुराव्यांची फाईल पाकिस्तानच्या हाती ठेवली आणि फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, हे पाकिस्तान सरकारला कबूल करावं लागलं. जिवंत पकडलेल्या कसाबवर मुंबईत उघड खटला चालला आणि २०१२ मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली. २०१८ ते २०२२ अशी चार वर्षं पाकिस्तान आर्थिक निगराणीच्या ‘ग्रे लिस्ट’मध्ये होता, त्याच काळात हाफिज सईदला तिथल्याच न्यायालयानं शिक्षा ठोठावली. तहव्वूर राणाला अमेरिकेतून भारतात आणायला एप्रिल २०२५ उजाडावा लागला. सोळा वर्षं! ज्यांच्या घरातलं माणूस त्या हॉलमध्ये पडलं, त्यांनी ‘हा न्याय फार उशिरा आला आणि अर्धाच आला’ असं म्हटलं, तर त्यांना उत्तर द्यायची माझी हिंमत नाही. संयमाची किंमत सरकार भरत नाही, ती ही घरं भरतात. हे विसरून संयमाचे गोडवे गाणं मला पटत नाही.

तरीही फौजींचा प्रश्न उरतोच. आमच्या खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला. शिवरायांनी त्याला खिंडीत दोन्ही तोंडांनी कोंडलं. मनात आणलं असतं तर एकही माणूस परत गेला नसता. पण खानाबरोबरच्या रायबागननं शरण जाण्याचा सल्ला दिला, खानानं अभय मागितलं, आणि महाराजांनी सारं सामान ठेवून घेऊन फौजेला जाऊ दिलं. जिंकत असतानाही त्यांनी शत्रूला वाट दिली, कारण कोंडलेला शत्रू शेवटपर्यंत लढतो.

अर्थात उंबरखिंडीत महाराज वर होते आणि खान खाली. अणुबॉम्ब आल्यावर हा फरक राहिला नाही. आता दोन्ही फौजा एकाच खिंडीत आहेत. आपण ‘प्रथम वापर करणार नाही’ असं जाहीर केलं आहे. पाकिस्ताननं तसं वचन दिलेलं नाही. आणि हे कुठंतरी दूर सीमेवर घडेल अशा समजुतीत कर्जतकरानं राहू नये. तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र आमच्यापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो आणि सह्याद्रीला आपटतो. मध्ये आम्हीच आहोत.

म्हणूनच मला एका कागदाचं फार महत्त्व वाटतं. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. सैन्य समोरासमोर उभं असताना १ जानेवारी २००२ ला याद्या दिल्या गेल्या. मुंबईच्या हल्ल्याला पाच-सहा आठवडेच झाले होते, तेव्हा १ जानेवारी २००९ लाही दिल्या गेल्या. आम्ही डब्यात मुठी आवळत होतो, तेव्हा कुणीतरी शांतपणे हा कागद पोहोचवत होतं.

बोरघाट ज्यांनी गाडीनं उतरला आहे, त्यांना कॅच साइडिंग ठाऊक असेल. उतारावर मुख्य मार्गाला एक चढाचा फाटा असतो आणि सांधे त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप फाट्यावर चढते आणि थांबते. हा फाटा अपघाताच्या दिवशी बांधता येत नाही. आधी बांधून ठेवावा लागतो. याद्या, दोन्ही सेनांच्या अधिकाऱ्यांमधला थेट फोन, क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा २००५ चा करार, हे सारे असे फाटे आहेत. मार्च २०२२ मध्ये आपलं एक बिनस्फोटक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात जाऊन पडलं. भारतानं चूक मान्य केली, चौकशी केली, अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. समोरून प्रतिहल्ला झाला नाही. गाडी फाट्यावर थांबली.

यावर कुणी म्हणेल, आता दिवस बदलले. खरं आहे. २०१६ मध्ये सर्जिकल स्ट्राइक झाला, २०१९ मध्ये बालाकोट झालं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं. त्यांत आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे तिघं आणि पनवेलचे एक होते. ७ मेच्या पहाटे भारतानं ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये नऊ ठिकाणी प्रहार केला. पण त्याच सकाळी सरकारनं काय सांगितलं, तेही आठवा: कारवाई मोजूनमापून केली आहे, लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही, प्रकरण वाढवायचं नाही. तरीही ते चार दिवस वाढतच गेलं. ड्रोन आले, क्षेपणास्त्रं आली, हवाई तळांवर मारा झाला. १० मेला दुपारी पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्यानं आपल्या अधिकाऱ्याला फोन केला आणि पाच वाजता गोळीबार थांबवायचं ठरलं. तलवार उपसली होती, पण शेवट फोनवर झाला.

तेव्हा प्रश्न बळ की बोलणी, असा नाहीच. बळ नसेल तर बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण समोरच्याकडे अणुबॉम्ब असेल, तर पहिला घाव तेवढा आपल्या हातात असतो. शेवटचा कुणाचा, ते आपल्या हातात नसतं. सरकारं चर्चेला बसतात ती शत्रूवर विश्वास ठेवून नव्हे. शेवट आपल्या हाती राहावा, म्हणून बसतात.

त्या फौजींचा आणि माझा प्रवास पुढे काही वर्षं सोबत झाला. तुमचा प्रश्न बरोबर होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)